धाकटीची धडधड

हॉस्पिटलच्या फाटकासमोर रस्ता ओलांडला की जे फुलांचं दुकान लागतं, त्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते कुणी वाचत नसे. जावांचं दुकान म्हटलं की झालं. थोरली जाऊ गल्ल्यावर आणि फोनवर, धाकटी फुलांत. धाकटीचे केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, तरी गिऱ्हाइकांपासून फुलांच्या टेम्पोवाल्यापर्यंत सगळे तिला धाकटीच म्हणत. त्याला तिची ना नव्हती. तिचं म्हणणं इतकंच होतं की मला काहीतरी होतंय असं मी म्हटलं रे म्हटलं की माझी रवानगी थेट बालवाडीत का करता?

होत होतं ते असं. सकाळी गुलाबाच्या काड्यांची खालची पानं काढताना, नाहीतर वाकून पाण्याची बादली उचलताना, तिच्या छातीत काहीतरी सटकायचं. आधी ना भीती, ना काळजी. डोक्यात विचार असलाच तर हा, की लिलीच्या कळ्या संध्याकाळपर्यंत उमलतील की नाही. आणि पुढच्या क्षणाला हृदय उधळलेलं. गळ्यातली साखळी हलताना दिसायची, पायांतलं बळ जायचं. मग जसं आलं तसंच ते एकदम थांबायचं, आणि त्यानंतर तिला सारखं बाथरूमला पळावं लागायचं. हे शेवटचं ती कुणाला सांगत नसे. छातीच्या गोष्टीवरच जिथे विश्वास नाही, तिथे ही कुठे सांगत बसा.

पहिल्यांदा झालं तेव्हा तिने कुणीही शहाणा माणूस करील तेच केलं. रस्ता ओलांडून कॅज्युअल्टीत गेली. तिथे आधी बाकावर बसवलं, मग वजन केलं, मग कुणाचा तरी हात मोडला होता तो आत गेला. तिचा नंबर लागेपर्यंत धडधड आपोआप थांबून गेली होती. ईसीजी काढला, तो नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं, "घरात काही टेन्शन?"

आता टेन्शन कुणाच्या घरात नसतं? तिने प्रामाणिकपणे सांगितलं, मुलगा नुकताच बाहेर गेलाय, घर खायला उठतं. डॉक्टरांनी समजूतदारपणे मान हलवली. ती मान हलली तिथेच धाकटीचा निकाल लागला. नंतर ती जितक्यांदा गेली तितक्यांदा नवा माणूसही तीच मान हलवायचा. कुणी म्हणे मन मोकळं करा, कुणी म्हणे या वयात बायकांना होतं असं. एकदा छातीला चोवीस तास यंत्र बांधून पाठवलं, तर त्या दिवशी हृदय पाहुण्यांसमोर बसलेल्या पोरासारखं गुणी वागलं. यंत्र काढून दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उधळलं.

घरचे तर विचारूच नका. तिचे यजमान शाळेत पीटीचे सर. आयुष्यभर मैदानावर पोरांना श्वास घ्यायला लावलेला माणूस, त्याला दुसरा उपाय सुचणार कुठून? धाकटीने छातीला हात लावला की सर ताठ उभे राहून सुरू करायचे, "नाकाने घे. थांब. तोंडाने सोड. घाई नको." शिट्टी तेवढी वाजवायची बाकी होती. एकदा ती म्हणाली, "अहो, मी श्वास घेतेच आहे, तो काही विसरलेले नाही. हृदय पळतंय." त्यावर सर म्हणाले, "तू डॉक्टर आहेस का?"

आणि थोरली? थोरलीला हृदयाच्या बाबतीत शब्द टाकायचा हक्कच होता. तिचा नवरा, म्हणजे धाकटीचे थोरले दीर, याच दुकानात खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. "हृदय काय असतं ते मी बघितलंय गं," ती म्हणायची. "आमच्या ह्यांनी हूं की चूं केलं नाही. हृदयाचं दुखणं असलेला माणूस बोलत नसतो. तू तर रेडिओ लावल्यासारखी बोलतेस." यावर काय उत्तर द्यायचं? गेलेल्या माणसाशी आपल्या धडधडीची तुलना करणारी बाई म्हणून नाव पाडून घ्यायचं, की गप्प बसायचं? धाकटी गप्प बसायची, आणि गप्प बसली की थोरली घाबरून विचारायची, "अगं, बोलत का नाहीस?"

वैताग इथे संपला असता तरी पुष्कळ होता. पण तो दुकानात मावेना. धडधड कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा धाकटी तिची वाट बघायला लागली, आणि वाट बघता बघता खरोखरची भीती लागली. बँकेच्या रांगेत, लिफ्टमध्ये, सिनेमाला मधल्या खुर्चीवर बसलं की आधी मनात यायचं, इथून बाहेर पडता आलं नाही तर? मग बोटांना मुंग्या, मग घशाला कोरड, मग धडधड. मनाच्या डॉक्टरांनी या दुखण्याला पॅनिक म्हणतात असं सांगून गोळी दिली. गोळी गुणाची होती, खोटं कशाला बोला. रांगेतली भीती निम्म्यावर आली. पण गुलाबाशेजारी जे व्हायचं, त्याला गोळीचं सोयरसुतक नव्हतं.

"डॉक्टर, हे दोन वेगळे आहेत," धाकटी कॅज्युअल्टीत सांगायची. "एक पायरी पायरीने चढतं, हळूहळू उतरतं. दुसरं एकदम येतं, एकदम जातं."

"भीतीची रूपं अनेक असतात," डॉक्टर म्हणायचे. ते काही चुकीचं बोलत नव्हते. चुकीचं कुणीच काही बोलत नव्हतं, हाच तर सगळा त्रास होता.

बादलीचा शोध थोरलीचा. एका गर्दीच्या सकाळी धाकटी टेबलाला धरून उभी, गिऱ्हाईक खोळंबलेलं, सर फोनवरून श्वास मोजतायत, आणि थोरलीचा संयम सुटला. रात्रभर कोल्ड रूममध्ये ठेवलेली गुलाबांची बादली तिने टेबलावर आदळली, फुलं बाजूला काढली आणि धाकटीची मान धरून तोंड पाण्यात घातलं. धाकटी वर आली ती गालाला दोन पाकळ्या चिकटलेली आणि शिव्या ओठांवर आलेल्या. पण धडधड थांबली होती.

"बघ," थोरली कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हृदयाचं काही नव्हतंच. असतं तर बर्फाच्या पाण्याने बरं झालं असतं का?"

तेव्हापासून रीतच पडली. धडधड आली की बादली, बादली झाली की टॉवेल, टॉवेल झाला की मनाची खात्री करून घ्यायला रस्त्यापलीकडे. तिथे ईसीजी काढणारा गृहस्थ न विचारता मशीन पुढे ओढायचा. ईसीजी नॉर्मल. बादली जितकी चोख चालायची तितका कागद चोख यायचा, आणि कागद जितका चोख तितकी धाकटी घाबरट ठरायची. बादलीचं डॉक्टरांना सांगायचं दोघींनाही कधी सुचलं नाही. थोरलीला तो घरगुती उपाय वाटायचा, आणि धाकटीला लाज वाटायची. आधीच लोक आपल्याला अर्धवट समजतात, त्यात बादलीत तोंड घालते म्हणून कोण सांगणार?

शेवटी सरांनी निर्णय घेतला. धाकटीने दुकान सोडायचं आणि घरी आराम करायचा. तिच्या जागी पगारी बाई ठेवायची. थोरलीने एक बाई बघूनही ठेवली. धाकटीला हे जेवताना, वाढता वाढता सांगण्यात आलं, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तितक्या सहज. तिने चमचा खाली ठेवला. या दुकानातल्या प्रत्येक फुलाची काडी तिने तिरकी छाटलेली होती. पलीकडच्या वॉर्डांत कुठल्या पेशंटला उग्र वासाची फुलं चालत नाहीत हे ती नातेवाइकांचा चेहरा बघून ओळखायची. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नको होतं.

"आणखी एकदा दाखवू," ती म्हणाली. "त्यातही काही निघालं नाही, तर बसेन घरी. पुन्हा शब्द काढणार नाही."

सर म्हणाले, "ठीक आहे." थोरली म्हणाली, "बाईला महिनाअखेरीचं सांगितलंय."

कॅज्युअल्टीत आता नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. थोरली सोबत गेली होती, मुख्यतः हे प्रकरण एकदाचं मिटलेलं डोळ्यांनी बघायला. डॉक्टरीणबाईंनी जुने कागद चाळले आणि विचारलं, "सुरू झाल्यापासून इथे येईपर्यंत तुम्ही काय करता?"

"काही नाही," धाकटी म्हणाली.

"काही नाही कसं?" थोरलीला राहवलं नाही. "बादलीत तोंड घालते."

"कसल्या बादलीत?"

"गुलाबाच्या. रात्रभर थंडीत असते ना ती. मीच शोधून काढलंय. तोंड घातलं की खलास, जागच्या जागी थांबतं. मग येतो आम्ही इकडे, खात्रीला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. कॉपी करताना सापडलेल्या पोरींकडे मास्तरीण बघते तसं त्यांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही चोराला मागच्या दाराने घालवता आणि मग पोलिसांना बोलावता."

मग त्यांनी नीट समजावलं. हृदयात ठोक्यांचा इशारा एका ठरलेल्या वाटेने फिरतो. काहींच्या हृदयात जन्मापासून एक जास्तीची वाट असते, आणि कधीतरी इशारा त्या वाटेने गोल गोल फिरायला लागतो. गार पाण्यात तोंड घातलं की हृदय मंदावतं आणि तो फेरा तुटतो. नुसती भीती सहसा अशी एका क्षणात थांबत नाही. "पण हा माझा अंदाज आहे," त्या म्हणाल्या. "पळतानाचा ईसीजी हातात आल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. पुढच्या वेळी बादली नाही. तशाच या, कुणाला तरी धरून. छातीत दुखलं किंवा अंधारी आली तर जागच्या हलू नका, फोन करा, आम्ही येतो."

परतताना रस्ता ओलांडायला थोरलीने धाकटीचा हात धरला, तो दुकानात पाय ठेवेपर्यंत सोडला नाही.

आता यायला हरकत नव्हती, तर धडधड येईना. इतकी वर्षं नको नको म्हटलं तर रोज हजर, आणि आता दार उघडं ठेवलं तर पत्ता नाही. धाकटी मुद्दाम वाकायची, मुद्दाम जड बादल्या उचलायची. हृदय आपलं ठाय लयीत. महिनाअखेर जवळ येत चालली. पगारी बाई एकदा दुकान बघून गेली, आणि कात्री कुठली वापरता म्हणून धाकटीलाच विचारून गेली.

आली ती नेमकी लग्नाच्या हॉलच्या मोठ्या ऑर्डरच्या दिवशी. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, थोरलीच्या दोन्ही कानांना फोन, आणि धाकटी टेबलाखालचं फुलांच्या तारेचं बंडल काढायला वाकली. सटकलं.

"जाऊबाई," ती म्हणाली. "आलं."

थोरलीचे हात डोक्याच्या आधी चालले. फोन टाकून तिने बादली ओढलीच. धाकटीने पाण्यावर दोन्ही हात आडवे धरले. "नाही. चला." पाणी समोर होतं, गार, काठोकाठ. तोंड खाली घातलं की पाच मिनिटांत पुन्हा कामाला लागता येणार होतं, आणि न घातलं तर, कुणी सांगावं, रस्त्यातच संपायचं. त्या क्षणी दुसरी जी भीती होती, रांगेतली, पायरीने चढणारी, तीही येऊन बसली. आता आत दोघी होत्या, आणि दोघी एकच सांगत होत्या, की घाल तोंड.

ती रस्त्यावर आली. थोरलीने तिचा दंड असा धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसले. सिग्नल हिरवा होईना. तेवढ्यात सरांचा फोन, कारण थोरलीने घाईत त्यांनाही कळवलं होतं. "नाकाने घे," सर फोनमधून म्हणाले. धाकटीने फोन बंद केला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

कॅज्युअल्टीच्या दारातली ओळखीची नर्स म्हणाली, "आलात का बाई? बसा, दीर्घ श्वास घ्या," आणि प्रेमाने गार पाण्याचा ग्लास पुढे केला. एरवी जिला कुणी पाणी विचारत नसे, तिला आज अख्खं जग गार पाणी पाजायला निघालं होतं. "पाणी नको," धाकटी दात आवळून म्हणाली. "मशीन आणा." नर्स म्हणाली, आधी नाव नोंदवावं लागेल. तेव्हा थोरलीने, जिला हृदय काय असतं ते माहीत होतं, टेबलावर हात आपटला. "नाव मी लिहिते. माझ्या धाकट्या जावेला आधी आत घ्या. तिचे ओठ बघा."

तारा लावल्या. कागद सरकायला लागला. ईसीजी काढणारा गृहस्थ नेहमीसारखा दुसरीकडे बघत होता. मग त्याने कागदाकडे बघितलं, मग धाकटीकडे बघितलं, आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. रेघा इतक्या दाट होत्या की कंगव्याचे दात वाटावेत.

"सापडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता थांबवू या." त्यांनी तिला एका रिकाम्या सिरिंजमध्ये जोर लावून फुंकायला लावलं, मग आडवं करून पाय वर धरले. थांबलं. धाकटी छताकडे बघत पडून राहिली. तिला वाटलं होतं, ज्या दिवशी हे सापडेल त्या दिवशी आपल्याला हायसं वाटेल. तसं काही झालं नाही. तिला भयंकर राग आला. इतकी वर्षं ती जे अक्षरशः सांगत होती तेच त्या कागदावर होतं, आणि आता सगळे त्या कागदाकडे असे बघत होते जणू बातमी त्यानेच दिली.

"मग ते पॅनिक खोटं होतं?" धापा टाकत आलेल्या सरांनी विचारलं.

"नाही हो. तेही खरं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही आहे. एकामुळे दुसरं वाढलं. हे आपण काढून टाकू, ते मात्र गोळीने आणि सवयीनेच जाईल, जायचं तेवढं."

पुढचं सगळं रीतसर झालं. मोठ्या डॉक्टरांनी जांघेतून बारीक तार आत घालून ती जास्तीची वाट जाळून टाकली. पगारी बाईला थोरलीनेच नाही म्हणून कळवलं, आणि कळवताना बरंच रडली. धाकटी पुन्हा फुलांत बसली. बादली उचलताना आता काही सटकत नव्हतं. इथे ही गोष्ट संपायला हवी होती, पण घरच्यांना शहाणपण आलं की ते फार येतं.

एका दुपारी हॉस्पिटलमधून मोठा पुष्पगुच्छ मागायला एक बाई आल्या, आणि फुलं कुणासाठी हे सांगता सांगता दुकानातच रडायला लागल्या. त्या गेल्यावर धाकटीच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग घशाला कोरड, मग धडधड. पायरी पायरीने. तिने ओळखलं. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काही नाही. जरा वेळाने जाईल."

काही नाही म्हणायचा अवकाश, थोरलीने रस्त्यापलीकडे हात करून वॉर्डबॉयला बोलावलं, व्हीलचेअर आणायला सांगितली आणि सरांना फोन केला. सर मैदानावरच्या कपड्यांतच गाडी घेऊन आले, ती चुकीच्या बाजूला लावली, आणि म्हणाले, "चल, ऊठ."

"अहो, हे ते नाही. हे दुसरं आहे. भीतीचं."

"तू डॉक्टर आहेस का?"

आता मात्र धाकटीचा बांध फुटला. "मी हृदय म्हणत होते तेव्हा तुम्ही मन म्हणालात," ती म्हणाली. "आता मन म्हणते तर तुम्हाला हृदय हवंय. कागद दाखवला तरच मी खरी, एरवी नाही? छाती माझी आहे. आत काय चाललंय ते एकदा तरी मला विचारा की."

वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन दारात येऊन उभा राहिला होता. थोरलीने त्याला खुणेने जायला सांगितलं. सर फुलांच्या रिकाम्या खोक्यावर बसले. गुडघे जवळ घेऊन बसलेला पीटीचा सर धाकटीने पहिल्यांदाच बघितला.

"काय होतंय तुला?" त्यांनी विचारलं, आणि मध्ये काही न बोलता थांबले.

तिने सांगितलं. मुंग्या कुठून सुरू होतात, कोरड कशी पडते, त्या रडणाऱ्या बाईंना बघून मनात काय आलं. सांगायला वेळ लागला. मधे दोन गिऱ्हाइकं आली, ती थोरलीने आवाज खाली करून परस्पर वाटेला लावली.

"बरं," सर शेवटी म्हणाले. "नाही जायचं. तू म्हणतेस तर नाही जायचं." ते उठले नाहीत. जमिनीकडे बघत म्हणाले, "मला भीती वाटते गं. दादा इथेच गेला ना. तू छातीला हात लावलास की मला तो दिसतो. पहिल्या दिवसापासून."

 धाकटीने हात पुढे करून त्यांच्या शर्टावर, डाव्या बाजूला ठेवला. आत केवढं तरी पळत होतं.

"मग आधी सांगायचं नाही का?" ती वैतागून म्हणाली, आणि हात तिथेच राहू दिला.